नवजात बालकांच्या खुब्याची सोनोग्राफी : वेळीच तपासणीचे महत्त्व

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत नीट बसला, तरच मूल सरळ चालते. काही बालकांत ही वाटी जन्मतः उथळ असून सांधा सैल राहतो अथवा निखळतो. बाळाला वेदना होत नाहीत. त्यामुळे पुष्कळदा मूल लंगडत चालू लागल्यावरच हा दोष ध्यानी येतो. तोवर बहुधा शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते.

आरंभीच्या महिन्यांत हा सांधा मुख्यत्वे कूर्चेचा असल्याने क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही; सोनोग्राफीत दिसतो. ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. १९९२ पासून तेथे सर्वच नवजात बालकांसाठी ही तपासणी लागू झाली. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या विकारांच्या यादीतही या दोषाचा समावेश आहे.

मुलींमध्ये हा दोष अधिक आढळतो. पायाळू बालके आणि कुटुंबात पूर्वी हा दोष असलेली बालके यांची सोनोग्राफी सुमारे सहाव्या आठवड्यात अवश्य करावी. वेळीच निदान झाल्यास मांड्या दुमडून फाकवून ठेवणाऱ्या पट्ट्यांनी बहुसंख्य सांधे शस्त्रक्रियेविना सुधारतात.

बोर्ली पंचतन परिसरातील माता व आजींना विनंती, की बाळाचे पाय ताणून दुपट्यात घट्ट बांधू नयेत. कडेवर घेण्याची आपली रीत मात्र सांध्यास हितकर आहे. देणगीदारांस निवेदन एवढेच, की अशा तपासणीस दिलेला रुपया एखाद्या बालकाची शस्त्रक्रिया टाळतो. ही बचत ताळेबंदात दिसत नाही, मुलाच्या चालण्यात दिसते.