सीरियल कन्सोल : दोष कसा शोधावा?



पडदा व नेटवर्क दोन्ही बंद असले, तरी लिनक्स किंवा बीएसडी संगणकाशी एका तारेने बोलता येते. ही सोय म्हणजे सीरियल कन्सोल. ती चालली नाही, तर लगेच नवे सामान मागवू नये; आधी आपण क्रमाने तपासावे.

तार : नऊ पिनांच्या पोर्टवर संगणक २ क्रमांकावर ऐकतो, ३ वर बोलतो, ५ म्हणजे ग्राउंड. दोन संगणकांमध्ये २ व ३ यांची अदलाबदल केलेली ‘नल मोडेम’ तारच हवी. सरळ तारेत दोघांचे बोलणे समोरासमोर आदळते, ऐकत कोणीच नाही.

पोर्ट : फ्लो कंट्रोल बंद करून, तार काढून आपल्या पोर्टच्या २ व ३ पिना जोडाव्यात. टाइप केलेले अक्षर परत उमटले, तर आपला पोर्ट ठीक आहे.

वेग : अक्षरांऐवजी विचित्र खुणा दिसल्या, तर बहुधा वेग जुळलेला नसतो. दोन्हीकडे ९६०० किंवा दोन्हीकडे १,१५,२०० ठेवावा.

लॉगिन : सुरू होतानाच्या ओळी दिसतात, पण लॉगिन येत नाही? मग त्या पोर्टवर ‘गेटी’ प्रोग्रॅम सुरू आहे का, ते पाहावे.

सावधान! रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांना हा पोर्ट थेट जोडल्यास बोर्ड जळू शकतो. मध्ये योग्य कन्व्हर्टर हवाच.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. पालकांनो, घरातील बिघाडातही मुलांना हाच क्रम लावू द्यावा, ही आमची विनंती.