तलवार कुणाच्या हातून निसटेल?

ल्यूडोत सहाचे दान पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आज ज्या फाशाचे गणित आपण पाहणार आहोत, त्याला सहा नव्हे, वीस पृष्ठे असतात. प्रत्येक पृष्ठ समभुज त्रिकोणाचे. या आकृतीला विंशतिफलक म्हणतात.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या योद्ध्याची किंवा जादूगाराची भूमिका घेतो. त्याचा वार लागला की हुकला, हे फासा ठरवतो. पुढे अनेक खेळाडूंनी आपल्यापुरता एक नियम त्यात घातला : २० पडले तर वार जबर बसतो, १ पडला तर तलवारच हातातून निसटते. नियम मोठा गमतीचा. पण तो न्याय्य आहे का?

समजा, एक शिकाऊ तलवारबाज एका फेरीत एकच वार करतो. तलवार निसटण्याची संभाव्यता १/२०, म्हणजे शेकडा ५. त्याचा उस्ताद एका फेरीत चार वार करतो. चारही वेळा १ न पडण्याची संभाव्यता १९/२० चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.८१५. म्हणून निदान एकदा १ पडण्याची संभाव्यता सुमारे ०.१८५. (येथे पुष्कळ जण ४ × ५ = शेकडा २० असे उत्तर देतात. एकाच फेरीत दोनदाही १ पडू शकतो, हे ते विसरतात.) दहा फेऱ्या लढाई चालली, तर शिकाऊची फजिती होण्याची शक्यता शेकडा ४० आणि उस्तादाची शेकडा ८७! उस्तादाला २० सुद्धा अधिक वेळा पडतील, हे खरे. पण १ पडला की दोघांची गत सारखीच. वर्षानुवर्षांच्या सरावाला या नियमात काही किंमतच नाही.

यावर उपाय आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत २० पडल्यावर फासा पुन्हा टाकावा लागे. त्या दानातही वार लागला, तरच तो जबर धरीत. हीच युक्ती आपण १ ला लावू. १ पडल्यावर पुन्हा फासा टाकायचा, आणि त्या दानातही वार हुकला, तरच तलवार निसटली असे मानायचे. शिकाऊ २० पैकी १२ दानांत हुकतो आणि उस्ताद फक्त २ दानांत, असे धरा. मग दर वाराला शिकाऊची संभाव्यता १/२० × १२/२० = ३/१००, तर उस्तादाची १/२० × २/२० = १/२००. उस्तादाचे चारही वार धरले, तरी त्याची एका फेरीतली शक्यता शेकडा २ च्या आतच राहते.

असा फासा जवळ नसेल, तर १ ते २० आकडे लिहिलेल्या सारख्या चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, आकडा टिपा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवा. परत टाकायला विसरलात, तर सारे गणितच बदलेल. चार-चार चिठ्ठ्यांच्या पन्नास फेऱ्या करा. त्यांपैकी नऊएक फेऱ्यांत १ यायला हवा. सहा किंवा तेरा फेऱ्यांत आला, तरी हिशेब चुकला असे समजू नका. वर्गातल्या सर्वांच्या फेऱ्यांची बेरीज करा आणि मग पुन्हा भागाकार करून पाहा.