नाव ओळखीचे, माणूस कोण?

गावात बहुरूपी येतो. फौजदाराचा पोशाख करून दारात उभा राहतो आणि दम देतो. पोरे घाबरतात. पण शेवटी तो हसतो आणि बिदागी मागतो. सोंग कोणाचे, हे सगळ्यांना कळते. मोबाइलवरचा बहुरूपी मात्र आपले सोंग कधीच सांगत नाही. ते आपणच ओळखले पाहिजे.

फेसबुकवर खाते उघडायला काय लागते? मोबाइल नंबर किंवा ईमेल, आणि एक नाव. रेशन कार्ड सहसा कोणी पाहत नाही. म्हणून नाव कोणाचेही लिहिता येते. फोटोही दुसऱ्याचा लावता येतो. असे खाते म्हणजे खोटे खाते.

समजा, तुमचे मेहुणे पुण्यास नोकरीला आहेत. चोर त्यांचा फोटो उचलतो. त्यांच्याच नावाने दुसरे खाते उघडतो. त्यांच्या मित्रांच्या यादीत तुमचे नाव असते. ते पाहून तो तुम्हाला मैत्रीची विनंती धाडतो. तुम्ही फोटो पाहता, 'आपलाच माणूस' म्हणता आणि होकार देता. मग निरोप येतो, "दवाखान्यात आहे. पाच हजार लगेच पाठवा." किंवा, "माझे मित्र फौजेत साहेब आहेत. बदली झाली, सामान स्वस्तात विकतात." मेहुण्यांना यातले काहीच ठाऊक नसते. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे जातात, आणि पाहुण्यांत वाकडेपणा येतो तो वेगळाच.

मग ओळखायचं कसं? आम्ही चार खुणा सांगतो.

१. जो आधीच तुमच्या यादीत आहे, त्याचीच पुन्हा विनंती येते.
२. खाते नवे असते. सगळे फोटो एकदोन दिवसांतच टाकलेले असतात.
३. बोली बदलते. घरी तुम्हाला 'दाजी' म्हणणारा माणूस 'सर, कैसे हो' लिहितो.
४. पैशाची घाई असते, आणि "फोन करू नका" असे सांगितले जाते.

एका खुणेवरून कोणाला चोर ठरवू नका. खऱ्या माणसाचेही खाते नवे असू शकते. पण पैशाची गोष्ट निघाली की थांबा. तुमच्याजवळ आधीपासून असलेल्या जुन्या नंबरावर फोन करा. निरोपात आलेल्या नव्या नंबरावर नव्हे. आता यंत्राने माणसाचा आवाजही हुबेहूब काढता येतो. म्हणून एखादी घरातली गोष्ट विचारा. "आपल्या तांबड्या गाईचं नाव काय?" फोटो चोरता येतो, गाईचे नाव चोराला कोठून माहीत असणार?

खोटे खाते दिसले तर गप्प बसू नका. त्या खात्यावरच्या तीन टिंबांवर बोट लावा. तेथे 'रिपोर्ट' सापडेल. ज्याच्या नावाने खाते आहे त्याला कळवा. आपल्या मित्रांची यादी परक्यांना दिसणार नाही, अशी सोय फेसबुकवर आहे. ती करून घ्या.

पैसे गेलेच, तर लाजू नका. लाज चोराला वाटली पाहिजे. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. बँकेलाही सांगा. मोबाइलवर दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा गुन्हा आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. निरोप वाचलात, चांगले केलेत. आता पाठवणारा कोण, हेही पारखून घ्या.

प्रश्न

१. चोराला मेहुण्यांचा फोटो कोठून मिळाला?
२. नव्या नंबरावर फोन का करू नये?
३. तुमच्या घरची अशी कोणती गोष्ट आहे, जी परक्याला ठाऊक नाही? ती घरच्यांशी बोलून ठरवा.
४. १९३० हा नंबर वहीत पाच वेळा लिहा. एकदा घराच्या भिंतीवर लिहा.