मापात पाप

मुलांनो, धान्याच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला दाणा न् दाणा मोजून घेता येत नाही. दुकानदाराच्या हातातील माप खरे आहे, या भरवशावरच तो पैसे देतो. म्हणून मापात पाप करणाऱ्याला आपल्या समाजात कधीच प्रतिष्ठा मिळाली नाही. आज व्यापाराची मापे बदलली आहेत. काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. अशाच एका मापाची ही हकीकत आहे.

वर्तमानपत्राचा खर्च केवळ अंकाच्या किमतीतून भागत नाही. तो बराचसा जाहिरातींतून भागतो. जाहिरात देणारा व्यापारी साहजिकच विचारतो, 'तुमचे पत्र किती लोक घेतात?' याचे उत्तर मालकानेच द्यायचे ठरले, तर आकडा फुगवण्याचा मोह व्हायचाच. म्हणून १९४८ साली भारतात 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था स्थापन झाली. सभासद पत्रांचा खप तपासून तो प्रमाणित करणे, हे तिचे काम.

इंटरनेटवरील अनेक संकेतस्थळेही जाहिरातींच्याच आधारावर चालतात. गूगल कंपनीने २००३ साली 'अ‍ॅडसेन्स' नावाची योजना सुरू केली. एखादे शिक्षक आपल्या संकेतस्थळावर गणिताचे धडे लिहितात. त्या मजकुराशेजारी गूगल व्यापाऱ्यांच्या जाहिराती दाखवते. वाचकाने जाहिरात पाहिली किंवा तिच्यावर टिचकी मारली, की व्यापाऱ्याच्या नावे पैसे पडतात आणि त्यांतील वाटा संकेतस्थळाच्या चालकाला मिळतो. वाचकाची नजर आणि त्याची टिचकी, हीच येथील मापे होत.

ही मापे खरी राहावीत म्हणून चालकांसाठी नियम केलेले आहेत. आपल्या पानावरील जाहिरातींवर आपण स्वतः टिचकी मारू नये. मित्रांना किंवा वाचकांना तशी गळ घालू नये. यंत्राकडून टिचक्या मारवू नयेत. वाचकाची दिशाभूल होऊन चुकून टिचकी पडेल, अशा रीतीने जाहिरात मांडू नये. हे नियम मोडणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते.

कोणी म्हणेल, 'एका टिचकीने असे काय बिघडते?' समजा, कोल्हापूरच्या एका चर्मकाराने आपल्या चपलांच्या जाहिरातीसाठी दिवसाला २०० रुपये बाजूला काढले. खोट्या टिचक्यांनी ते सकाळीच संपले, तर ज्याला खरोखर चपला हव्या होत्या, त्या गिऱ्हाइकाला दुपारी ती जाहिरात दिसणारच नाही. चर्मकाराचे पैसेही गेले आणि विक्रीही गेली. टिचकी मारणाऱ्याने त्याचे तोंडही पाहिलेले नसते. पण म्हणून त्याचे नुकसान खोटे ठरत नाही.

हेच पाप अलेक्सांद्र झुकोव्ह या रशियन इसमाने फार मोठ्या प्रमाणावर केले. २०१४ ते २०१६ या काळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अमेरिकेत व अन्यत्र १,९०० हून अधिक संगणक भाड्याने घेतले. ते संगणकच वाचक असल्याचे सोंग करीत. माणसाप्रमाणे ते पान वरखाली सरकवीत. चित्रफीत सुरू करून मध्येच थांबवीत. नामांकित संकेतस्थळांची खोटी नावे लावलेल्या पानांवर जाहिराती दाखवल्या जात आणि त्या पाहावयास एकही मनुष्य नसे! अशा रीतीने जाहिरातदारांचे ७० लाख डॉलरांहून अधिक धन लुबाडले गेले. अखेर २०१८ साली बल्गेरियात झुकोव्हला अटक झाली आणि २०२१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

लबाडाला शिक्षा झाली, तरी त्याने केलेली हानी तेवढ्याने भरून निघत नाही. फसलेला व्यापारी पुढे प्रत्येकाकडेच संशयाने पाहू लागतो. मग ज्या शिक्षकांनी रात्री जागून गणिताचे धडे लिहिले, त्यांच्याही पदरी कमी पैसा पडतो. खोट्या मापाचे मोल अशा रीतीने खऱ्या मापाच्या दुकानदाराला मोजावे लागते. म्हणून कोणी पाहत नसतानाही माप खरे ठेवणे, यालाच सचोटी म्हणतात.

अभ्यास
१. 'टिचकी' हे माप का म्हटले आहे?
२. खोट्या टिचकीमुळे कोणाकोणाचे नुकसान होते?
३. 'मापात पाप करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.