अमेरिकेतील शाळांची बेंचमार्क चाचणी : उमरग्याकडून येणाऱ्या पालकांसाठी

वर्ष चालू असतानाच, शिकवलेले मुलांपर्यंत किती पोचले हे पाहण्यासाठी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, जी चाचणी घेते ती बेंचमार्क चाचणी. ती बहुधा वर्षातून तीनदा होते : शाळा सुरू झाल्यावर, हिवाळ्यात आणि वसंतात. साधारणपणे मुलाचे पास-नापास तिच्यावर ठरत नाही. उमरगा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या मुलाला हा प्रकार अगदीच नवा नसतो. पायाभूत चाचणी, संकलित मूल्यमापन १ आणि २ या नियतकालिक चाचण्या त्याने दिलेल्या असतात. फरक असा की तिथे पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून साऱ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका येते. अमेरिकेत सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत आणि चाचणी कोणती घ्यायची हे बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट ठरवते. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिसरी ते आठवीसाठी होणारी राज्याची वार्षिक परीक्षा वेगळी. न्यू जर्सीत ती एनजेएसएलए, टेक्सासमध्ये स्टार. नवे पालक बेंचमार्क चाचणी आणि ही राज्याची परीक्षा यांची गल्लत करतात आणि विनाकारण धास्तावतात.

काही डिस्ट्रिक्ट एमएपी ग्रोथ किंवा आय-रेडी अशा तयार चाचण्या विकत घेतात, काही आपल्याच शिक्षकांची समिती बसवतात. समिती आधी राज्याच्या अभ्यासक्रमातली कोणती उद्दिष्टे त्या टप्प्यापर्यंत शिकवून झाली याची यादी करते आणि कोणत्या उद्दिष्टावर किती प्रश्न घ्यायचे याचा आराखडा आखते. मग प्रश्न लिहिले जातात. यात चुकीचे पर्याय लिहिण्याचे काम सर्वांत कसबाचे असते. १/२ + १/३ या बेरजेचे उत्तर ५/६. पण पर्यायांत २/५ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे मूल नेमके तेच निवडते. निम्म्या वर्गाने २/५ निवडले, तर समच्छेद करणे पुन्हा शिकवायला हवे हे शिक्षकाला त्याच दिवशी कळते. चाचणीचा खरा उपयोग हाच. जो प्रश्न सर्वांनाच येतो किंवा कुणालाच येत नाही, तो पुढच्या वेळी बदलतात. हुशार मुलांचे उत्तर चुकते आणि कच्च्या मुलांचे बरोबर येते असे दिसले, तर प्रश्नाची भाषा किंवा उत्तरसूची तपासली जाते.

बहुपर्यायी प्रश्न संगणक तपासतो. लेखी उत्तरांसाठी रुब्रिक असते, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती गुण याचे लेखी निकष. तपासण्याआधी शिक्षक नमुना उत्तरे एकत्र वाचून आपली फूटपट्टी जुळवून घेतात. काही ठिकाणी एकच उत्तर दोघे स्वतंत्रपणे तपासतात आणि फार तफावत पडली तर तिसरा निर्णय देतो. वळणदार अक्षर आणि टापटीप यांना इथे सहसा वेगळे गुण नसतात. विचार कसा केला हे लिहिण्याला मात्र हमखास असतात. तोंडी हिशेबात तरबेज असलेले मूल नुसते उत्तर लिहून मोकळे होते आणि गुण गमावते. सुरुवातीच्या महिन्यांत हेच जास्त सांभाळावे लागते. इंच, फूट, मैल, क्वार्टरचे नाणे आणि १,२५,००० ऐवजी १२५,००० असा स्वल्पविराम यांचीही घरी ओळख करून द्यावी.

निकालपत्रातला सर्वांत फसवा आकडा पर्सेंटाइलचा. ६० पर्सेंटाइल म्हणजे ६० टक्के गुण नव्हेत. तुलनेच्या गटातल्या त्याच इयत्तेच्या शंभरांपैकी साधारण साठ मुलांपेक्षा वरचे स्थान. एमएपी ग्रोथमध्ये उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की सोपा. त्यामुळे जवळपास निम्मे प्रश्न चुकणे हे तिथे स्वाभाविकच असते. तिचे गुण आरआयटी नावाच्या मापावर मिळतात आणि ते माप सर्व इयत्तांना एकच असते. म्हणून पहिल्या चाचणीचा आकडा शेजारच्या मुलाशी ताडण्यापेक्षा त्याच मुलाच्या वसंतातल्या आकड्याशी ताडावा.

प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलतात हे विचारणारा अर्ज भरावा लागतो. तिथे मराठी लिहायला कचरू नये. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असल्यास मदत मिळते. अनेक राज्यांत चाचणीला जादा वेळ आणि शब्दकोशाची सवलतही असते. इंग्रजी शिकणाऱ्या नवागत मुलाला पहिल्या १२ महिन्यांत राज्याच्या भाषेच्या परीक्षेतून एकदा सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. गणिताला ती नाही. पालकांना इंग्रजी अवघड जात असेल, तर शाळेने दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो. १९७४ च्या कायद्याने मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्कही दिला आहे. मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत त्या दाखवाव्या लागतात. पालकसभेला जाताना निकालाचा कागद बरोबर न्यावा आणि एकूण गुणांवर न थांबता कोणत्या उद्दिष्टात मूल मागे आहे व शाळा त्यासाठी काय करणार आहे, हे शिक्षकांना नक्की विचारावे.