तळ्यात मासे किती सोडावेत?

शेततळ्यात पाणी साठले, की पुष्कळांना वाटते, आता मासे सोडावेत. विचार चांगला आहे. पण पुढे माणूस म्हणतो, "शंभराच्या जागी पाचशे सोडू. पाचपट मासे मिळतील!" तसे मिळत नाहीत. का मिळत नाहीत, ते पाहू.

मासा पाण्यात राहतो, तरी त्यालाही प्राणवायू लागतो. तो पाण्यात विरघळलेला असतो. दिवसा ऊन पडते. पाण्यातले बारीक हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र ते तयार करीत नाही, उलट वापरते. मासेही वापरतात. तळाशी कुजणारा गाळसुद्धा वापरतो. म्हणून पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. मासे जास्त झाले, की तो पुरत नाही. मग मासे वर येऊन तोंडे उघडतात. लोक म्हणतात, "बघा, कसे खेळतायत!" अहो, ते खेळत नसतात. त्यांचा जीव गुदमरत असतो. एका रात्रीत सगळे तळे मरू शकते.

दुसरी गोष्ट घाणीची. माशांच्या अंगातून अमोनिया पाण्यात येतो. तो त्यांनाच विषारी आहे. शहरात लोक हौसेने काचेच्या पेटीत मासे पाळतात. तिथे पाणी गाळायला छोटे यंत्र बसवतात. त्याच्या गाळणीवर बारीक जंतू वाढतात. ते हे विष मोडतात. आपल्या तळ्यात यंत्र नाही. तेच काम तळाची माती आणि शेवाळ करतात. पण किती करणार? एक चूल पन्नास माणसांचा स्वयंपाक करील, पाचशेंचा नाही.

मग मासे सोडावेत तरी किती? साध्या तळ्यात, पाणी पाच-सहा फूट खोल असेल, तर एका गुंठ्याला 50 बोटुकल्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढे पिल्लू. त्यांत 15 कटला, 20 रोहू आणि 15 मृगळ घ्यावेत. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळाचे. त्यामुळे भांडण नाही. तळे 10 गुंठ्यांचे असेल, तर 500 बोटुकल्या झाल्या. आधी तळ्यात मरळ असेल तर ती काढावी. ती पिल्ले खाऊन टाकते.

पाणी कसे आहे, ते हातानेच कळते. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार हिरवे झाले. शेण टाकणे थांबवा. पेंड आणि कोंडाही काही दिवस बंद ठेवा. आभाळ भरलेले असेल, तेव्हा तर पहाटे तळ्यावर चक्कर मारावीच. मासे वर आलेले दिसले, तर ताजे पाणी उंचावरून, फवारा उडेल असे सोडा. पंप नसेल, तर दोघांनी उतरून बांबूने पाणी बडवावे. मग दिवस वर आला, की मोठे झालेले मासे काढून विकावेत. उरलेल्यांना तेवढी जागा होते.