आधी नियम, मग कॅमेरा

पोरी, प्रायोगिक फिल्म करायची म्हणतेस, तर एवढं गाठीशी बांधून ठेव.

स्वतःला घालून घ्यायचा नियम आधी वहीत लिही, तोही एकाच वाक्यात. दोन वाक्यं लागली, तर तो अजून पक्का झालेला नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोज एकच चौकट टिपली; नियम एवढाच. महिन्याभराची वाढ पडद्यावर झरझर दिसली. ती पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्जाऊ पैसे मिळाले.

नियम सवयीवर घाल. हात सारखा झूमकडे जातो ना? मग झूम बंद. मणि कौल यांनी ‘उसकी रोटी’ 28 आणि 135 मिलिमीटरच्या दोनच लेन्सवर केली. एवढंच हाताशी असलं की जवळ जायचं की लांब राहायचं, हे आधी ठरवावंच लागतं.

नियम जागेतून उचल. चकाल्याला तुमच्या गॅलरीसमोरून मेट्रो जाते. एक गाडी गेली की शॉट सुरू, पुढची आली की बंद. मधल्या वेळात खालचा इस्त्रीवाला, भाजीची गाडी, समोरच्या गच्चीवरचं वाळवण, जे दिसेल ते. कुणाच्या खिडकीत मात्र डोकावायचं नाही. मुंबईतल्या ‘कॅम्प’ स्टुडिओने ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (2022) 35 मजली इमारतीवरच्या एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपली. जागा एक, पण आभाळापासून वस्तीपर्यंत सगळं शहर त्यात उतरलं.

मोबाइलवर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर. नाहीतर गाडीची सावली पडली की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि टिपायची ती सावलीच पुसून टाकतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेव, म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही.

अर्ध्यात नियम मोडू नकोस. दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअरने दिग्दर्शक योर्गेन लेथला त्याचीच 1967 सालची फिल्म नव्याने करायला लावली, तेव्हा पहिली अट होती: एकही शॉट 12 चौकटींहून लांब नको. म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद! अट जाचक वाटली, पण लेथने त्यातूनच वेगळी लय काढली. फिल्म पुरी होऊ दे, मग बघ नियमाने काय दाखवलं ते. काहीच दाखवलं नसेल, तर पुढच्या फिल्मला नियम बदल.

आणि पैसे नाहीत म्हणून जे सोडावं लागतं, त्याला नियम म्हणू नकोस. उद्या हातात पैसे आले तरी जो पाळशील, तोच तुझा नियम.